आंद्रे द जायंटची प्रतिकृती: उंची जमली, पाठ निसटली

व्यावसायिक कुस्तीतील नामवंत मल्लांच्या, सांधे हलवता येणाऱ्या प्रतिकृती आता आपल्याकडेही सहज मिळू लागल्या आहेत. मोठ्या शहरांतल्या खेळण्यांच्या दुकानांत त्यांचे वेगळे कप्पे असतात आणि ऑनलाइन तर हव्या त्या मल्लाची हव्या त्या वर्षातली आवृत्ती मागवता येते. या प्रतिकृती साधारण सहा इंची मापात बनतात, म्हणजे सहा फुटांचा मल्ल हातात येतो तो सहा इंचांचा होऊन. या मापात सर्वांत अवघड परीक्षा कोणाची होत असेल तर ती अवाढव्य देहाच्या आंद्रे द जायंट या मल्लाची. इतरांच्या बाबतीत चेहरा आणि पोशाख जमला की काम भागते. आंद्रेच्या बाबतीत मात्र शेजारी उभ्या केलेल्या सगळ्या प्रतिकृती त्याच्यासमोर लहान दिसल्या पाहिजेत, आणि तेवढ्यासाठी कारखान्याला नेहमीचे साचे बाजूला ठेवून धड, दंड, मांड्या आणि पंजे असे सारेच नव्याने घडवावे लागते. मी घेतलेली प्रतिकृती काळ्या, एकाच खांद्यावर पट्टा असलेल्या पोशाखातली, म्हणजे १९८७ सालच्या आंद्रेची आहे. सोबत मुठी वळलेल्या आणि पंजे उघडलेल्या हातांची जोडी, एक हसरे आणि एक उग्र अशी बदलता येणारी दोन डोकी, आणि खोक्याच्या पाठीवर छापलेला चार ओळींचा परिचय एवढा ऐवज मिळतो. किंमत चार आकडी आहे, तेव्हा नीट पारखूनच घ्यावी अशी ही वस्तू आहे.

मोजपट्टी लावली तर प्रतिकृती सव्वासात इंचांच्या किंचित वर भरते. आंद्रेची जाहीर उंची ७ फूट ४ इंच होती, ते पाहता बनवणाऱ्यांनी त्या आकड्याशी इमान राखले आहे. १९८७ मध्ये आंद्रेशी लढलेल्या हल्क होगन या मल्लाच्या त्याच मापातल्या प्रतिकृतीशेजारी उभी केली की फरक ठसठशीत दिसतो. किंबहुना प्रत्यक्षातल्यापेक्षा थोडा जास्तच दिसतो, कारण १९८७ च्या लढतीआधी दोघे समोरासमोर उभे असलेल्या छायाचित्रांत होगन इतका बुटका वाटत नाही. त्यात नवल नाही. या धंद्यात उंची आणि वजनाचे आकडे हा जाहिरातीचाच भाग असतो, ते सढळ हाताने वाढवले जातात, आणि शिवाय १९८७ पर्यंत आंद्रेची पाठ वाकू लागलेली होती. प्रतिकृती कॅमेऱ्यात दिसलेल्या माणसाची नसून पडद्यावर झळकणाऱ्या आकड्याची आहे, हे एकदा मान्य केले की उंचीबाबत तक्रारीला जागा उरत नाही.

पंजे मात्र कोणत्याही आकड्याच्या आधाराशिवाय अस्सल उतरले आहेत. उघडा पंजा होगनच्या प्रतिकृतीच्या डोक्यावर ठेवला तर बोटे दोन्ही बाजूंनी कानांच्या खाली येतात. आंद्रेच्या हातात बिअरचा डबा जवळजवळ दिसेनासा झालेला आहे, असे एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. तो हात इथे ओळखू येतो. बोटांची जाडी एकसारखी आहे, पेरे फुगीर आहेत आणि अंगठा तळव्याच्या मानाने आखूड आहे. चेहऱ्याचे कामही तितकेच बारकाईने झाले आहे. पुढे आलेली भुवयांची कमान, रुंद हनुवटी, जाड ओठ आणि मोठे नाक यांपैकी एकही गोष्ट व्यंगचित्रासारखी ताणलेली नाही. ही ठेवण जन्मजात नव्हती. मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पियूषिका ग्रंथीवर गाठ झाली की वाढीचे संप्रेरक प्रमाणाबाहेर पाझरत राहते. वाढत्या वयात हे घडले तर हाडे लांब होत जातात, आणि उंची थांबल्यावरही हात, पाय, जबडा, कपाळ आणि आतले अवयव यांची वाढ थांबत नाही. भारताच्या ग्रेट खलीवर २०१२ मध्ये याच ग्रंथीवरील गाठीसाठी शस्त्रक्रिया झाली. १९९५ मध्ये ज्याला आंद्रेच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कुस्ती कंपनीच्या प्रतिस्पर्धी कंपनीने आंद्रेचा मुलगा म्हणून रिंगणात आणले, तो बिग शो या नावाने आपल्या परिचयाचा झालेला पॉल वाइट यानेही तरुणपणीच उपचार करून घेतले होते. आंद्रेने ते घेतले नाहीत. त्यामुळे १९७३ ची आणि १९८७ ची त्याची छायाचित्रे शेजारी ठेवली तर दोन वेगळी माणसे आहेत की काय असे वाटते, आणि कोणत्या सालची प्रतिकृती आहे हा प्रश्न त्याच्या बाबतीत निव्वळ पोशाखाचा राहत नाही.

आता खोक्यावरच्या परिचयाकडे वळतो, कारण वस्तूचा सर्वांत कच्चा भाग तोच आहे. त्यात गाव ग्रेनोबल, फ्रेंच आल्प्स असे दिले आहे. उंची ७ फूट ४ इंच, वजन ५२० पौंड. आणि पुढे पंधरा वर्षे अपराजित असल्याचा दावा आहे. हे सारे तेव्हाच्या निवेदकांनी माइकवरून सांगितलेले आहे आणि खोक्यावर जसेच्या तसे उतरवले आहे.

आल्प्सच्या डोंगरांशी आंद्रेचा काडीचा संबंध नव्हता. डोंगरातून उतरून आलेला राक्षस ही कल्पना तिकिटे विकायला सोयीची, म्हणून ग्रेनोबल. आंद्रे रेने रूसिमोफचा जन्म १९ मे १९४६ रोजी पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या कुलोमिए या गावी झाला आणि तो जवळच्या मोलियें या वस्तीत वाढला. मैलोन्‌मैल सपाट शेती असलेला हा मुलूख. वडील बोरिस बल्गेरियातून आलेले, आई पोलंडची. घरात पाच भावंडे आणि सगळ्यांच्या वाट्याला शेतातले काम. याच परिसरात सॅम्युएल बेकेट या नोबेल मिळवणाऱ्या नाटककाराचे छोटे घर होते, ते बांधण्यात बोरिसने हातभार लावला होता, आणि बेकेट आपल्या गाडीतून आंद्रेला शाळेत सोडत असे. या गोष्टीला पुढे बरीच फोडणी मिळाली. शाळेच्या बसमध्ये तो मावत नव्हता म्हणून नाटककाराला गाडी काढावी लागली, अशी ती आता सांगितली जाते. पण मूळ गोष्ट एवढी साधी आहे की, रस्त्याने चालणाऱ्या शेजारच्या पोराला एका शेजाऱ्याने गाडीत घेतले. खोक्यावरच्या ग्रेनोबलच्या जागी एवढे एक वाक्य छापले असते तरी घेणाऱ्याच्या पदरात काही पडले असते.

किशोरवयातच शाळा सुटली. पुढे तो पॅरिसला गेला, दिवसा घरसामान हलवण्याचे काम करू लागला आणि संध्याकाळी व्यायामशाळेत कुस्तीचे डाव शिकू लागला. फ्रेंच लोककथांतल्या एका बलदंड शेतकऱ्याच्या नावावरून तिथल्या आयोजकांनी त्याला ‘जेआँ फेरे’ हे नाव दिले. १९७० मध्ये तो जपानला गेला; तिथे त्याचे नाव ‘मॉन्स्टर रूसिमोफ’ झाले आणि तिथल्याच डॉक्टरांनी त्याच्या वाढीमागचा आजार ओळखला. नंतर कॅनडातील माँट्रियल आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्क. न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ व्हिन्सेंट जे. मॅकमहन या आयोजकाशी पडली. आज ज्याचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे त्या व्हिन्स मॅकमहनचे हे वडील. थोरल्या मॅकमहनने दोन गोष्टी केल्या. त्याला ‘आंद्रे द जायंट’ हे नाव दिले आणि त्याची कुस्ती बदलली. तोवर आंद्रे उड्या मारून लाथा हाणत असे, चपळाईने रिंगण पालथे घालत असे. एवढ्या मोठ्या माणसाने पळापळ केली की तो लहान दिसतो, तेव्हा त्याने जागेवरून हलूच नये आणि बाकीच्यांनी त्याच्यावर आपटून मागे पडावे, हा मॅकमहनचा हिशेब होता. प्रतिकृतीचे सांधे पाहताना हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या काळी अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती प्रदेशाप्रदेशांत वाटलेली होती आणि प्रत्येक आयोजकाची हद्द ठरलेली होती. आंद्रेला कोणत्याही एका हद्दीत फार दिवस ठेवले तर लोकांची उत्सुकता मरेल, हे मॅकमहनने ओळखले आणि त्याला इतर आयोजकांना थोड्या थोड्या दिवसांसाठी देण्याची पद्धत बसवली. परिणामी आंद्रे वर्षाचा बहुतेक काळ प्रवासात असे, आणि जगातली कोणतीही खुर्ची, पलंग, मोटार किंवा विमान त्याच्या मापाचे नव्हते. विमानातल्या स्वच्छतागृहात तो शिरू शकत नसे, ही अडचण जपानच्या लांबलचक प्रवासात काय रूप घेत असेल याची कल्पनाच करावी. त्याच्या पिण्याच्या कथा लोक मिटक्या मारत सांगतात. सहा तासांत ११९ बिअर ही त्यातली सर्वांत लाडकी. आकडा खरा की वाढवलेला हे बाजूला ठेवले, तरी जवळच्यांनी वारंवार सांगितलेली गोष्ट अशी की, पुढच्या काळात ते पिणे सांधेदुखीवरचा उताराही होते.

पंधरा वर्षे अपराजित हा दावा या फिरतीमुळेच खपून गेला. दूरचित्रवाणीचे जाळे देशभर एक झालेले नव्हते, त्यामुळे एका हद्दीत झालेला पराभव दुसऱ्या हद्दीत कोणाच्या कानावर जात नसे. मेक्सिकोत १९८४ मध्ये कानेक या मल्लाने त्याला चीत केले. जपानमध्ये नागोया येथे जून १९८६ मध्ये आंतोनियो इनोकी या मल्लाच्या पकडीत त्याने शरणागती पत्करली. त्याला कोणीही कधी उचलून आपटले नव्हते, हे १९८७ मध्ये सांगितलेले सर्वांत मोठे वाक्यही तसेच आहे: खुद्द होगनने ऑगस्ट १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याला उचलून आपटले होते. याच मैदानावर चार वर्षे आधी, जून १९७६ मध्ये, आंद्रेने चक वेपनर या मुष्टियोद्ध्याला दोरांवरून रिंगणाबाहेर फेकले होते. वेपनर म्हणजे त्याआधीच्याच वर्षी मोहम्मद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकलेला गडी. हे सगळे सांगितल्याने आंद्रेचे मोठेपण उणावत नाही. पराभव केव्हा आणि कोणाकडून स्वीकारायचा हे बहुधा तोच ठरवत असे, कारण त्याची इच्छा नसताना त्याला जमिनीवरून उचलणे कोणाच्याही आवाक्यात नव्हते. खोक्यावर हे छापले असते तर अपराजित या शिक्क्यापेक्षा ते अधिक दरारा उत्पन्न करणारे ठरले असते.

या ठिकाणी आपल्याकडची नेहमीची शंका घेतो. लाल मातीतल्या कुस्तीवर पोसलेला मराठी माणूस ही सगळी नुरा कुस्ती म्हणून उडवून लावतो, आणि निकाल आधी ठरलेला असतो एवढ्यापुरते ते बरोबरही आहे. पण वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँगच्या फ्रीस्टाइल कुस्त्या पाहायला गर्दी करणारी पिढी आपल्याकडेच होऊन गेली. त्या गर्दीलाही निकालाचे रहस्य अगदीच ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. निकाल ठरलेला असला तरी दोनशे किलोंचा देह फळ्यांवर आदळतो तेव्हा ते आदळणे ठरवून हलके करता येत नाही. ज्याची हाडे आजाराने झिजत चालली आहेत त्याच्यासाठी तर ते अधिकच खरे. आंद्रेचा १९८७ चा सामना पाहताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, आणि ही प्रतिकृती त्याच सामन्याची असल्यामुळे तो सामना बाजूला ठेवून तिचे परीक्षण करता येत नाही.

२९ मार्च १९८७. मिशिगनमधील पाँटियाक सिल्व्हरडोम. आयोजकांनी ९३,१७३ प्रेक्षक जाहीर केले. हा आकडा फुगवलेला असून खरी उपस्थिती ७८ हजारांच्या आसपास होती असे कुस्तीविषयक पत्रकारितेत मानले जाते, आणि तेवढीही काही थोडी नव्हे. कथेची बांधणी अगदी साधी होती. होगनला विजेतेपदाच्या तीन वर्षांबद्दल मोठा चषक मिळाला, आंद्रेला पंधरा अपराजित वर्षांबद्दल त्याहून लहान मिळाला, आणि मग जिवलग मित्र असलेल्या आंद्रेने बॉबी हीनन या कपटी व्यवस्थापकाला सोबत घेऊन होगनच्याच गळ्यातला क्रॉस हिसकला. प्रत्यक्षात आंद्रेच्या पाठीवर १९८६ च्या सुमारास मोठी शस्त्रक्रिया झालेली होती आणि तो उभा कसा राहणार याचीच सगळ्यांना धास्ती होती. त्याचा जुना पोशाख म्हणजे आखूड चड्डी आणि उघडे अंग. तो सोडून हा काळा, एका खांद्याचा पोशाख आला, कारण आतला पाठीचा पट्टा झाकायचा होता. रिंगणापर्यंतचे लांब अंतर चालावे लागू नये म्हणून मल्लांना चाकांवरच्या छोट्या रिंगणातून आणले गेले. त्यातून आंद्रे येतो तेव्हा एक हात दोरावर असतो, चेहरा निर्विकार आणि प्रेक्षकांकडून फेकला जाणारा कचरा अंगावर.

सामना बारा मिनिटांच्या आसपासचा. सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो, भार पेलत नाही, तो पाठीवर कोसळतो आणि आंद्रे त्याच्यावर. पंच दोनपर्यंत मोजतो; खांदे टेकलेले असताना तीन मोजले गेले की हार. पुढे बराच वेळ आंद्रेने होगनला दोन्ही हातांनी कवटाळून धरलेले आहे आणि दोघे जवळजवळ स्तब्ध उभे आहेत. समीक्षकांनी या भागाला कंटाळवाणा म्हणून नावे ठेवली, आणि कुस्ती म्हणून पाहिले तर ते खरेच आहे. पण नीट पाहिले तर त्या मिठीत कोण कोणाला सावरते आहे हे सांगणे कठीण जाते. शेवटी होगन त्याला उचलतो, आडवा करतो, आपटतो, दोरांवरून धावत येऊन पाय मानेवर टाकतो आणि तीनची मोजणी पूर्ण होते. उचलणाऱ्याने कितीही जोर लावला तरी समोरचा स्वतः थोडा उचलला गेल्याशिवाय असले वजन वर येत नाही. त्या कमरेने ती उडी कशी दिली असेल ते आंद्रेच जाणे.

प्रतिकृती आता शेल्फवर उभी करून पाहा. मान, खांदे, कोपर, मनगट, कंबर, मांड्या, गुडघे, घोटे असे सगळे सांधे मोकळे आहेत. ती पाय डोक्यापर्यंत वर नेऊ शकते, गुडघे पूर्ण दुमडून बसू शकते, कमरेतून वळू शकते. पाठ मात्र साच्यातूनच ताठ आलेली आहे. कारखान्याच्या दृष्टीने हे गुणच आहेत, खोक्यावर सांध्यांची संख्या अभिमानाने छापलेली असते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. चेहरा १९८७ चा, पोशाख १९८७ चा, हालचाल मात्र १९७३ ची. त्या काळ्या पोशाखातला आंद्रे खांदे पुढे झुकवून उभा राहत असे, हात दोरावर ठेवून अंगाचा भार वाटून घेत असे, आणि वळायचे झाले तर कमरेतून न वळता अख्खा वळत असे. धडाला खांद्यांखाली जराशी पोक दिली असती, कमरेचा सांधा घट्ट ठेवला असता आणि दोर पकडता येईल असा एक अर्धवट मिटलेला पंजा दिला असता, तर वस्तू दुप्पट सरस झाली असती. असा पंजा खोक्यात नाही. मूठ पूर्ण बंद आहे आणि पंजा पूर्ण उघडा. मी शेवटी तिला रिंगणाच्या खांबाला टेकवून, एक कोपर वरच्या दोरावर अडकवून उभी केली आहे आणि तशीच ती सर्वांत आंद्रेसारखी दिसते. त्याने उभे राहण्याचा प्रश्नही सुटतो, कारण वरचे अंग जड असल्यामुळे मोकळी ठेवली तर ती घोट्यांतून पुढे झुकत झुकत तोंडावर पडते. आधाराचा स्टँड खोक्यात द्यायला हवा होता.

दोन डोक्यांपैकी उग्र डोके या पोशाखाला शोभते. तेच डोके लावून ५ फेब्रुवारी १९८८ चा प्रसंगही मांडता येतो: इंडियानापोलिस येथे, दूरचित्रवाणीवरून ३ कोटी ३० लाख लोक पाहत असताना, होगनचा खांदा वर उचललेला असूनही पंचाने तीन मोजले आणि आंद्रे जगज्जेता झाला. मग त्याने माइकवरून तो किताब पैशाने विकत घेणाऱ्या टेड डिबियासीच्या हवाली केला, आणि तसे करताना चुकून जोडीच्या लढतींच्या किताबाचे नाव घेतले. एवढ्या मोठ्या नावाचे जगज्जेतेपद दोन मिनिटेही टिकले नाही. गंमत म्हणजे जोडीचा खरा किताबही त्याने हाकूच्या साथीने डिसेंबर १९८९ मध्ये मिळवला. तोवर तो जवळजवळ सगळा वेळ दोराबाहेर उभा असे. टोरोंटोमध्ये १ एप्रिल १९९० रोजी तो किताब गेला तेव्हा आंद्रे एकदाही रिंगणात उतरला नव्हता, आणि तरीही पराभवानंतर हीननने त्याच्या मुस्काटात मारली आणि त्याने ती परत केली, तेव्हा स्टेडियम त्याच्या बाजूने उभे राहिले.

हसऱ्या डोक्याचा उपयोग इथे होतो, किंवा मग ३१ मार्च १९८५ च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रसंगासाठी, जिथे बिग जॉन स्टड या मल्लाला उचलून आपटल्याबद्दल मिळालेले १५ हजार डॉलर त्याने मुठी भरभरून प्रेक्षकांत उधळायला घेतले आणि हीननने पिशवी पळवली. रंगकामात हे डोके किंचित उणे आहे. दातांच्या पांढऱ्या रंगाचा एक ठिपका खालच्या ओठावर आला आहे. पण गालांची ठेवण छान आहे, आणि ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या १९८७ च्या चित्रपटात आंद्रेने रंगवलेला फेझिक ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते हसू लगेच ओळखू येईल. त्या चित्रपटात तो बलाढ्य आहे आणि प्रत्यक्षात चित्रीकरणाच्या वेळी नायिकेला दोन्ही हातांवर झेलण्याइतकीही त्याची पाठ धड नव्हती. तिचे वजन तारांनी पेलले होते.

१९९० नंतर त्याची कुस्ती मुख्यतः जपानमध्ये, जायंट बाबा या जपानी मल्लाच्या सोबतीने, हलक्याफुलक्या लढतींत चालली. शेवटची लढत डिसेंबर १९९२ मधली. जानेवारी १९९३ मध्ये वडील वारले म्हणून तो फ्रान्सला गेला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पॅरिसमधल्या हॉटेलच्या खोलीत झोपेतच हृदय थांबून गेला, वय ४६. त्याच्या अस्थी नॉर्थ कॅरोलायनातल्या एलर्बी येथील त्याच्या शेतावर विखुरल्या गेल्या. त्याच वर्षी डब्ल्यूडब्ल्यूएफने सन्मानदालन सुरू केले आणि त्या पहिल्या वर्षीचा एकमेव मानकरी आंद्रे होता.

वस्तूच्या टिकाऊपणाबद्दल थोडे. प्लास्टिक भरीव आहे, काळा रंग धडाच्या साच्यातच मिसळलेला असल्यामुळे पोशाखावरचे टवके उडत नाहीत, पण खांद्यावरचा पट्टा वेगळा चिकटवलेला आहे आणि हात वर नेताना त्याची कड उचलली जाते. हात बदलताना मनगटाची खुंटी फार घट्ट लागते. कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून मग ओढावी, कोरडी ओढू नये. गुडघ्यांचे सांधे नवे असताना चांगले धरतात, परंतु वरच्या वजनामुळे ते लवकर ढिले होतील असा माझा अंदाज आहे. लहान मुलांच्या हाती द्यायला ही प्रतिकृती योग्य नाही, सुटे भाग बारीक आहेत आणि किंमतही खेळून मोडण्याइतकी कमी नाही. बाजारात नकलाही आहेत. त्यांची उंची होगनइतकीच असते, कारण नक्कल करणारे नेहमीच्या धडावरच आंद्रेचे डोके बसवतात, तेव्हा घेताना उंची तेवढी मोजून घ्यावी.

ज्यांच्याकडे होगनची प्रतिकृती आधीच आहे त्यांनी ही बेलाशक घ्यावी, दोघे शेजारी उभे राहिले की दोघांचीही किंमत वाढते. केवळ आंद्रेसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर थोडे थांबावे असे मी सुचवेन. भरगच्च कुरळ्या केसांचा, आखूड चड्डीतला, अजून पाठ न झुकलेला १९७३ चा आंद्रे याच सांध्यांसह कोणी काढला, तर हे मोकळे गुडघे आणि वळणारी कंबर त्याच्या अंगावर शोभून दिसतील. या आवृत्तीला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण खोक्यावरच्या मजकुरासाठी कापला आहे आणि उरलेला एक पाठीसाठी.